पंखाखालच्या तुटक्या रेघा

१

सकाळी सरावात धाकटीची शर्यतीची गाडी मोठ्या वळणावर गरकन फिरली, टायरांच्या भिंतीवर आदळली आणि तिचं उडालेलं चाक धावपट्टीच्या कडेला झेंडा घेऊन उभ्या असलेल्या झेंडेवाल्याच्या पायावर जाऊन पडलं. दुपार व्हायच्या आत सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं की चूक धाकटीची.

लोक निकाल किती झटपट लावतात, याचं चौकशीबाईंना दरवेळी नव्यानं नवल वाटे आणि दरवेळी नव्यानं राग येई. शर्यत मंडळाची चौकशी करणं हे त्यांचं काम. बसून राहणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. मंडळातले लोक त्यांना मागून ‘भिंगरी’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आत्ताही त्या कुलूपबंद शेडमध्ये मोडक्या गाडीभोवती घिरट्या घालत होत्या. मंडळाचे चिटणीस मात्र खुर्ची शोधून निवांत बसले होते.

“बाई, संध्याकाळी बैठक आहे,” चिटणीस म्हणाले. “निकाल तसा झाल्यातच जमा आहे. भर वळणात पोरीनं घाबरून वेगाच्या पेडलवरून पाय काढला. पाय काढला की सगळं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. तुमची सही तेवढी हवी.”

“आणि सही केली की?”

“तिचा शर्यतीचा परवाना जातो. कायमचा. माणूस जखमी झालाय, तिथे आमच्या हातात काही राहत नाही.”

“गाडीतलं यंत्र काय म्हणतं? पाय कधी काढला त्याची नोंद असते ना?”

“ती पेटी आपटून ठार झाली.”

बाईंनी सही केली नाही. त्या तडक मंडळाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या दवाखान्याच्या खोलीत गेल्या.

धाकटीचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात झोळीत बांधलेला, चेहरा पांढराफटक. घरच्या कारखान्याची ती धाकटी मुलगी. गाड्या बांधणारा बाप, दुसरी गाडी चालवणारा थोरला भाऊ आणि ही. सगळ्या धावपट्टीवर तिला धाकटी म्हणूनच ओळखत.

“ताई, मी पाय काढला नव्हता,” बाई आत येताच ती म्हणाली. “सगळे म्हणतायत काढला. पण नव्हता.”

“बरं. मग काय झालं ते पहिल्यापासून सांग.”

“पहिली जोरात मारलेली फेरी होती. सुरुवातीच्या लहान वळणांवर गाडी छान होती. चाकं घट्ट, काही तक्रार नाही. मग सरळ रस्ता लागला आणि गाडी जड झाली. मागून कुणी पदर धरून ओढावं तशी. पाय पार खाली दाबला तरी कालच्यासारखी पळेना. मला वाटलं, इंजिन. आणि मग मोठं वळण आलं, आणि मागची बाजू…” तिनं चांगला हात हवेत फिरवला. “बर्फावर असल्यासारखी गेली.”

“काल हेच वळण घेतलं होतंस?”

“याच वेगानं. डोळे मिटून घेतलं असतं.” तिनं दाराकडे बघितलं. “ताई, कुणाला सांगू नका, वेड्यात काढतील. पण ती कालची गाडी नव्हती. कुणीतरी बदलली होती.”

२

गाडीच्या अंगावरून वारा कसा जातो, हे बघणारा एक इंजिनियर कारखान्यात होता. त्याला सगळे वारेवाला म्हणत. बोलायला लागला की थांबत नसे, आणि आज तर त्याला कुणीतरी ऐकणारं हवंच होतं. बाई येरझाऱ्या घालत होत्या, तो त्यांच्यामागून पळत बोलत होता.

“वारा गाडीशी दोन गोष्टी करतो, बाई. एक, मागे ओढतो. दुसरं, पंख लावला की गाडीला खाली दाबतो. आम्ही ओढ आणि दाब म्हणतो. विमानाचा पंख उलटा बसवला असं समजा. पंखाच्या खालून वारा जोरात पळतो आणि पंखाला खाली खेचतो. चाकं रस्त्याला चिकटतात म्हणून वळण जोरात घेता येतं. पण दाब फुकट मिळत नाही. दाब वाढवला की ओढ वाढते, सरळ रस्त्यावर गाडी रेंगाळते. ओढ कमी करायला गेलं की दाब जातो, वळणात गाडी घसरते. आमचं सगळं आयुष्य या दोघांची भांडणं सोडवण्यात जातं.”

“नवरा-बायकोसारखं.”

“त्यांचं निदान कधीतरी मिटतं. आणि वेग दुप्पट झाला की दोन्ही चौपट होतात! म्हणून लहान वळणात पंख असला काय, नसला काय, कळतसुद्धा नाही. मोठ्या वळणात सगळी मदार त्याच्यावर.”

बाई थबकल्या. धाकटीची गाडी लहान वळणांवर छान होती. टायर वाईट असते, चाकं वाकडी असती, तर ते आधी लहान वळणांवर कळलं असतं.

“म्हणजे पंखात काहीतरी झालं.”

वारेवाल्यानं कपाळावर हात मारला. “तिथेच तर घोडं पेंड खातंय! पंख जसाच्या तसा आहे. मागच्या पंखाच्या बाजूला उभी पाटी असते, तिच्यात एकावर एक भोकं आहेत. पिन जितक्या वरच्या भोकात घालाल तितका पंख उभा राहतो. मी काल तिसऱ्या भोकात घातली. आज शेडला सील लागता लागता पंचांच्या मनोऱ्यातून धावत येऊन चिटणिसांसमोर बघितलं. तिसऱ्याच भोकात. डावी पाटी पिनसकट तुटून गेलीये, पण उजवी शाबूत आहे.”

“पिन काढायला हत्यार लागतं?”

“छे. स्प्रिंगची आहे. दोन बोटांनी ओढली की येते. म्हणून तर जो तो मला शिकवायला येतो. वस्ताद म्हणतो खाली घे, थोरला म्हणतो खाली घे, गाडी पळू दे. मालक, पोरांचे वडील, म्हणतात अजून उभा कर. चहावाला तेवढा अजून बोललेला नाही.”

“गाडीवर ते हिरवं काय फासलंय?”

“रंग. तेलात कालवलेला. गाडी निघायच्या थोडं आधी मी पंखाच्या खालच्या अंगाला ब्रशनं लावतो. गाडी पळाली की वारा त्याला ओढत नेतो आणि रेघा उमटतात. मग रंग सुकतो. वारा कुठून कसा गेला ते त्या रेघांत दिसतं.”

“आज काय दिसलं?”

वारेवाला प्रथमच अडखळला. “बघितलंच नाही. गाडी आपटली, धाकटी अडकली होती, सगळे धावले. नंतर शेडला कुलूप.” त्यानं आपले तळहात पुढे केले, दोन्ही हिरवेगार. “मला लावताना लागला, बाकी सगळ्यांना गाडी उचलताना. बोटांवर रंग म्हणून चोर शोधत असाल तर सगळा कारखाना आत टाकावा लागेल.”

बाई निघाल्या तसा तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “चुगली नाही करत, पण कुणीतरी सांगेलच. परवा थोरल्यानं सगळ्यांसमोर बहिणीला सुनावलंय. शेवटच्या शर्यतीत तुझी गाडी मी चालवणार, काय वाटेल ते झालं तरी.”

३

थोरला गाड्यांच्या गल्लीत, शेडसमोर गाड्या उभ्या करायच्या पट्टीवर, सापडला. हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता, खाली ठेवत नव्हता.

“हो, बोललो,” तो म्हणाला. “भांडण झालं की माणूस काहीही बोलतो. तुम्हाला भाऊ-बहीण नाहीत का?”

“आहेत. म्हणूनच विचारतेय.”

“तिची गाडी माझ्यापेक्षा चांगली आहे, हे खरं. मला हवी होती, हेही खरं. पण तिला भिंतीवर घालून?” त्याचा आवाज फाटला. “बाई, मी तिच्यासोबत रुग्णवाहिकेत होतो. सारखं एकच विचारत होती, झेंडेवाले कसे आहेत, झेंडेवाले कसे आहेत. मला रडू आवरेना, तर तीच मला गप्प करत होती.”

“वडील?”

“मागाहून आले.”

“तुम्ही पंखाला हात लावला होता?”

“आम्ही कुणीच नाही लावत, वारेवाला जीव घेईल. शिवाय सकाळी आम्ही शेडच्या बाहेर होतो. बाबांची फेरी चालू होती.”

“कसली फेरी?”

ते वस्तादानं सांगितलं. वस्ताद म्हणजे कारखान्याचा जुना मेकॅनिक. मालकांनी स्वतः शर्यती मारल्या तेव्हापासून त्यांच्यासोबत. बोलताना तो एकच स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.

“आमच्याकडची रीत आहे, बाई. गाडी निघायच्या आधी, सगळ्यात शेवटी, मालक एकटे तिच्याभोवती एकदा फिरतात. दार लोटून. प्रत्येक चाकावर हात ठेवतात. आम्ही सगळे बाहेर उभे. पोरं चालवायला लागल्यापासून एकदाही चुकलेलं नाही. देवाला काय सांगतात ते देव जाणे. बाहेर आले की पोरं गाडीत बसतात.”

“टायर तुम्हीच बसवलेत?”

“मीच. गार होते म्हणून माझ्यावर खापर फोडू बघतायत काहीजण. गार टायर लहान वळणातच दगा देतात. मोठ्या वळणापर्यंत ते गरम झालेले असतात.”

“आणि अपघातानंतर गाडी शेडमध्ये कुणी आणली?”

“मीच, ट्रकवर घालून. थोरला रुग्णवाहिकेत गेला. वारेवाला वर मनोऱ्यात पंचांजवळ होता, त्याला त्यांनी लगेच सोडलं नाही, फोनवर नुसता ओरडत होता. मी ट्रक चालवला, मालक मागे गाडी धरून बसले. शेडशी चिटणीस सील घेऊन उभेच होते.”

बाई तिथून निघाल्या आणि धावपट्टीच्या कडेने चालत सुटल्या. वारा उलटा होता आणि कानात नुसता घोंघावत होता. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी बैठकीची आठवण करून देत होतं. सरळ रस्त्याच्या टोकाला वेग दाखवणारा फलक होता. तिथल्या माणसाला त्यांनी सकाळचा आकडा विचारला.

“कालच्यापेक्षा बराच कमी,” तो म्हणाला. “मी म्हटलंसुद्धा, आज पोरगी जपून चालवतेय.”

जपून! पाय पार खाली दाबून ती जपून चालवत होती.

बाईंनी मनात हिशेब मांडला. धाकटीचं वाईट व्हावं म्हणून कुणी पंखाला हात लावला असता, तर त्यानं पंख खाली केला असता. दाब गेला असता, गाडी वळणात घसरली असती. पण मग ओढही कमी झाली असती, आणि सरळ रस्त्यावर गाडी कालच्यापेक्षा जोरात पळाली असती. ती तर रेंगाळली. म्हणजे ओढ वाढली होती. म्हणजे पंख कुणीतरी वर केला होता, खाली नव्हे.

पण पंख वर केला तर दाब वाढतो, आणि दाब वाढला तर गाडी वळणात आणखी घट्ट धरते. मग ती घसरली कशी?

बाई मोठ्या वळणाशी येऊन पोचल्या. जमिनीवर टायरांचे काळे फराटे होते. संध्याकाळ फार लांब नव्हती. चिटणिसांचा फोन वाजायला लागला होता, तो त्यांनी उचललाच नाही. त्या परत शेडकडे जवळजवळ पळत निघाल्या. आतापर्यंत सगळ्यांनी पंख वरून बघितला होता. खालून कुणीच बघितला नव्हता.

४

चिटणिसांनी सील काढलं ते कुरकुरत. “बाई, या वयात तुम्ही आता जमिनीवर…” एवढं म्हणेपर्यंत बाई पाठीवर झोपून पंखाखाली सरकल्या होत्या.

“बॅटरी द्या. आणि वारेवाल्याला बोलवा.”

पंखाच्या खालच्या अंगावर हिरव्या रेघा होत्या. पुढच्या कडेपासून त्या नीट, बारीक, शेजारी शेजारी निघाल्या होत्या. पण मध्यावर येताच सगळ्या एकाएकी तुटल्या होत्या. त्यापुढे रंगाचे नुसते ओघळ आणि गोळे, इकडे तिकडे वळलेले. काही तर उलटे, पुढे आलेले.

वारेवाला आला, शेजारी आडवा झाला आणि वर बघताच त्याची बोलती बंद झाली. बाईंना त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्याशेजारी शांतता मिळाली.

“या रेघा मागच्या कडेपर्यंत जायला हव्या होत्या ना?” त्यांनी विचारलं.

“हो.” त्यानं तुटक्या रेघांकडे बोट केलं. “वारा पंखापासून सुटलाय. पंख उभा करत गेलं की दाब वाढत जातो, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे वारा पंखाच्या पोटाला चिकटून राहू शकत नाही. मध्येच सुटतो आणि नुसता घुसळत बसतो. मग दाब ढासळतो. ओढ मात्र कमी होत नाही, उलट वाढते. दोन्हीकडून नुकसान. पण बाई, हे शक्यच नाही. तिसऱ्या भोकात असं होत नाही. मी हद्दीच्या जवळ ठेवलाय पंख, पण अलीकडे. पाचव्या भोकात गेला तर होईल.”

“मग तो पाचव्यात होता.”

“पिन तिसऱ्यात आहे! आपण सगळ्यांनी बघितलीये!”

“तू रंग या उभ्या पाटीला लावतोस?”

“नाही. फक्त पंखाच्या पोटाला. पाटीवर जे शिंतोडे दिसतात ते आजच वाऱ्यानं नेलेले, जुना रंग मी रोज पुसून काढतो.”

“मग ती पिन काढ.”

त्यानं दोन बोटांनी पिन ओढली. बाईंनी तिसऱ्या भोकात बॅटरीचा झोत टाकला. भोकाच्या आतल्या भिंतीला हिरवा रंग लागून सुकला होता, पिन ओढल्याचे ओरखडे त्यावर ताजे होते. चौथ्या भोकातही रंग. पाचव्या भोकाच्या भोवती शिंतोडे होते, आत मात्र कोरा करकरीत धातू.

चिटणीस एव्हाना खुर्चीतून उठून वाकले होते. “म्हणजे काय?”

“गाडी पळत होती तेव्हा तिसरं भोक रिकामं होतं, म्हणून त्यात रंग शिरला. पाचव्यात पिन होती, म्हणून ते कोरं राहिलं. पिन पाचव्यातून तिसऱ्यात आली ती अपघातानंतर. तुमचं सील लागायच्या आधी.”

“कुणी केलं हे?” वारेवाला ओरडलाच. “ज्याला गाडीतलं कळतं तो असं करणार नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला पिन सापडणार नाही!”

बाई अंगावरची धूळ न झटकताच दाराकडे निघाल्या होत्या. तिथे क्षणभर थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“ज्याला एकेकाळी कळत होतं, तो करेल,” त्या म्हणाल्या.

५

मालक गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत होते. तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. बाई त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागल्या.

“तुम्ही चालवत होता तेव्हा पंख कसा असायचा?” बाईंनी विचारलं.

“पत्र्याची सपाट फळी. आमची आम्ही ठोकलेली.” मालक किंचित हसले. “मागून जेवढी वर उचलायची तेवढी गाडी जमिनीला घट्ट. साधा मामला होता. आताचे हे नाजूक पंख मला कळत नाहीत.”

“म्हणून दोन भोकं वर केलात?”

मालक चालायचे थांबले नाहीत, पण पावलं अडखळली.

“फेरीच्या वेळी आत दुसरं कुणी नसतं,” बाई म्हणाल्या. “वारेवाला रंग लावून गेला होता, त्यानंतर गाडीपाशी तुम्ही एकटे. त्या कारखान्यात पंख वर घ्या म्हणणारे तुम्ही एकटे. पाडायचं असतं तर कुणी खाली केला असता. वर करणाऱ्याला तिला सांभाळायचं होतं. अपघातानंतर थोरला रुग्णवाहिकेत होता, वारेवाला मनोऱ्यात, वस्ताद ट्रकच्या पुढच्या बाजूला. गाडीपाशी पुन्हा तुम्हीच. मुलीचं हाड मोडलंय आणि बाप रुग्णवाहिकेत चढत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.”

मालक मटकन एका टायरावर बसले. मोठा, धिप्पाड माणूस, पण त्या क्षणी कुणीतरी हवा सोडल्यासारखा दिसला.

“काल ती मोठं वळण घेताना मी कठड्याशी उभा होतो,” ते म्हणाले. “बघवेना, बाई. म्हटलं, थोडा दाब वाढवू. सरळ रस्त्यावर हळू पळेल, पळू दे. शर्यत हरेल, हरू दे. चिकटून राहील.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “ती फिरली तेव्हा मला कळेचना. ट्रकवर बसल्यावर पंख बघितला, आणि पाचव्या भोकातली पिन. पिन कधी काढली, कधी घातली, मला आठवतसुद्धा नाही. हात आपोआप गेला.”

“ते मी समजू शकते. पण त्यानंतर अख्खी दुपार गेली, मालक. लोक म्हणतायत तिनं पाय काढला. तुम्ही मूग गिळून गप्प बसलात.”

“परवाना जाईल म्हणाले.” मालकांनी मान वर केली. डोळे लाल होते. “मला वाटलं, जाऊ दे. परवाना जाईल, पोरगी तर राहील. महिनाभर रडेल, मग दुसरं काहीतरी करेल. पण जिवंत राहील. तुम्ही आई असाल तर सांगा, मी चुकलो?”

बाईंना दोन मुलगे होते आणि त्यातला एक डोंगर चढायला जाई. त्यांना मालकांची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला.

“चुकलात,” त्या म्हणाल्या. “पंख वर केलात तो चुकून. गप्प बसलात ते ठरवून. बैठकीत मी सगळं सांगणारच आहे. पण तिच्या कानावर ते माझ्या तोंडून जायला नको. उठा.”

मालक उठेनात. ध्वनिक्षेपक पुन्हा खरखरला, बैठकीसाठी सगळ्यांनी वर यावं.

“ती माझं तोंड बघणार नाही,” ते म्हणाले.

“कदाचित नाही बघणार. उठा.”

६

धाकटी बिछान्यावर नव्हती. खोलीच्या खिडकीशी उभी होती. थोरला तिच्या खांद्यावर जाकीट नीट बसवत होता. बैठकीला जायची तयारी चालली होती.

मालकांनी दारातच सगळं सांगून टाकलं. आडवळणं घेतली नाहीत, वयाची किंवा काळजीची ढाल पुढे केली नाही. पाचवं भोक, ट्रक, पिन, आणि दुपारभरचं मौन. थोरल्याचा हात जाकिटावरच राहिला. तो काहीतरी बोलायला गेला, तसं धाकटीनं त्याला डोळ्यांनी थांबवलं.

तिनं आधी एकच विचारलं. “म्हणजे मी पाय काढला नव्हता?”

“नव्हता, बाळा.”

“नक्की?”

“नक्की.”

ती बिछान्याच्या कडेला बसली. “सगळे इतके ठामपणे सांगत होते,” ती म्हणाली, “की मलाही वाटायला लागलं होतं, काढला असेल. दुपारपासून मी पाय असा धरून बसलेय आणि आठवतेय. तुम्हालाही विचारलं होतं मी, बाबा. तुम्ही इथेच या खुर्चीत होता. मी म्हटलं, बाबा, माझा पाय हलला असेल का? तुम्ही म्हणालात, घाईत होतं असं कधीकधी.”

मालकांनी त्या खुर्चीकडे बघितलं. बाईंनी नजर खिडकीबाहेर वळवली. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बैठक फार लांबली नाही. वारेवाल्यानं रेघा आणि भोकं समजावून सांगितली आणि कुणी न विचारलेलंही बरंच सांगितलं. मालक उभे राहून स्वतःच्या तोंडानं बोलले. धाकटीचा परवाना राहिला. कारखान्याला उरलेल्या शर्यतींतून बाहेर काढण्यात आलं, आणि मालकांना गाड्यांच्या गल्लीत पाऊल टाकायला कायमची बंदी झाली. चिटणीस म्हणाले, एकंदरीत समाधानकारक चौकशी झाली. बाईंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

बाहेर, दवाखान्याच्या खोल्यांकडे जाणाऱ्या लांब बोळात मालक भिंतीला टेकून उभे होते. धाकटी भावासोबत आली, त्यांना ओलांडून गेली, आणि चार पावलांवर थांबली.

“बाबा.”

ते चटकन पुढे झाले.

“दुपारी मी त्या झेंडेवाल्यांच्या खोलीत गेले होते,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “त्यांची बायको बसली होती तिथे. मी दोघांची माफी मागितली. म्हटलं, माझ्या चुकीमुळे झालं, मी घाबरले. त्यांची बायको मला काय काय बोलली. मी ऐकून घेतलं.”

“बाळा…”

“ती माफी माझी नव्हती, बाबा. तुमची होती. तुमच्या वाटचं मी ऐकून आलेय. आता तुम्ही जा.”

तिनं बोळाच्या टोकाचं, झेंडेवाल्यांच्या खोलीचं दार दाखवलं आणि ती भावाचा हात धरून जिना उतरू लागली. मालक तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती वळेल असं त्यांना वाटलं असावं, पण ती वळली नाही.

बाईंनी त्यांना हाताला धरून नेलं नाही की धीराचे दोन शब्दही दिले नाहीत. मालक एकटेच बोळातून चालत गेले. दाराशी पोचल्यावर त्यांनी शर्ट नीट केला आणि कडी वाजवली.

“कोण आहे?” आतून एका बाईचा त्रासलेला आवाज आला.

“मी त्या मुलीचा बाप,” मालक म्हणाले, आणि दार उघडायची वाट बघत उभे राहिले.